फडक्यावर उरलेला वॉशर

छापखान्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गल्लीत सगळे त्यांना फिटरच म्हणत. त्यांनाही ते आवडायचं. नाव आईबापांनी ठेवलेलं होतं, हे मात्र त्यांनी स्वतः कमावलं होतं.

त्या दुपारी ते नातीला शाळेतून आणायची तयारी करू लागले, तर दारातल्या इलेक्ट्रिक सायकलचं मागचं चाक पार बसलेलं. एरवी त्यांनी रस्त्याला आणि रस्त्यावर काचा टाकणाऱ्यांना मनसोक्त शिव्या घातल्या असत्या. आज त्यांना चक्क बरं वाटलं.

त्याला कारण होतं. आदल्या दिवशी सून फोनवर त्यांच्या मुलाशी बोलत होती आणि फिटरांचे कान काही म्हातारे झालेले नव्हते. "भिंगरीला बाबांच्या सायकलवर पाठवायचं की नाही, ते एकदा बसून ठरवू या," ती म्हणत होती. "परवा दुकानासमोर सायकल ठेवली आणि चालत घरी आले. वर चोरीला गेली म्हणून गल्ली डोक्यावर घेतली. उद्या पोरीलाच विसरून आले तर?"

सून वाईट नव्हती, हीच तर पंचाईत होती. वाईट असती तर फिटरांनी तिला सरळ उडवून लावलं असतं.

भिंगरी म्हणजे त्यांची नात. पोरीला एका जागी टिकायला नको, म्हणून हे नाव त्यांनीच पाडलेलं. शाळा सुटली की ती मागच्या सीटवर चढायची, त्यांच्या कमरेला विळखा घालायची आणि घर येईपर्यंत त्यांच्या पाठीशी बडबडत राहायची. अख्ख्या दिवसात तेवढाच वेळ फिटर कुणाच्या तरी उपयोगाचे असत. उरलेला दिवस नुसता ढकलायचा. ती सायकल गेली असती तर फिटरांचं सगळंच गेलं असतं.

म्हणून पंक्चर बघून त्यांना बरं वाटलं. या सायकलची मोटर मागच्या चाकातच बसवलेली. ते चाक खोलायचं म्हणजे येरागबाळ्याचं काम नाही. सुनेच्या डोळ्यांदेखत ते चोख करून दाखवायचं, मग बसा म्हणावं खुशाल ठरवत.

त्यांनी सायकल उलटी केली, बॅटरी काढून बाजूला ठेवली आणि जमिनीवर आपलं जुनं फडकं अंथरलं. छापखान्यात नव्या माणसाला ते पहिल्याच दिवशी दम भरायचे: काढशील त्या क्रमाने फडक्यावर मांड, उलट्या क्रमाने बसव, आणि फडकं रिकामं झाल्याशिवाय मशीन चालू करशील तर माझ्याशी गाठ आहे. या नियमाने त्यांना उभ्या आयुष्यात कधी दगा दिला नव्हता.

मोटरची वायर सुटी केली. रबरी टोप्या काढल्या, पाना लावून नट सोडवले, साधे वॉशर काढले, मग नाकाचे वॉशर. एकेका बाजूला एकेक. त्यांचं ते छोटं नाक सायकलच्या सांगाड्यातल्या खाचेत अडकतं आणि चाकाचा आस, म्हणजे मधला दांडा, जागच्या जागी राहतो. तो वॉशर नसेल तर मोटरने जोर लावल्यावर चाकाबरोबर आसही फिरू लागतो, वायर तुटते आणि चाक निसटू शकतं. फिटरांना हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

ट्यूब पाण्यात बुडवल्यावर बुडबुडे आले. त्यांनी जागा घासली, सोल्युशन लावलं, फुंकर मारत वाळू दिलं आणि पॅच चिकटवला. टायरच्या आतून हळूच बोट फिरवून घुसलेली काचही शोधून काढली. हात कसे अगदी शहाण्यासारखे चालत होते. मध्येच ते गुणगुणायलासुद्धा लागले.

चाक चढलं. हवा भरली, नट आवळले, टोप्या बसल्या, वायर जोडली, सायकल सरळ करून बॅटरी लावली. फडकं उचलायला म्हणून फिटर वाकले आणि तसेच थांबले.

फडक्यावर एक नाकाचा वॉशर होता.

तो डावीकडचा होता की उजवीकडचा? दोन्ही बाजूंना वॉशर बसवल्याचं त्यांना आठवत होतं. नीट विचार केला तर एकाही बाजूला बसवल्याचं आठवेना. टोप्यांमुळे आतलं काही दिसत नव्हतं. पुन्हा खोलून बघणं एवढाच मार्ग होता, आणि त्यांनी पाना उचललाही.

"झालं का बाबा?" सून दारात आली.

"झालं की," फिटर म्हणाले आणि वॉशर खिशात गेला.

"बाई गं, एवढं सगळं खोललंत?" सून खरोखरच कौतुकाने बघत होती. "मग निघा आता, शाळा सुटेल."

ज्या शाबासकीसाठी एवढा खटाटोप केला ती मिळाली होती आणि ती घशाखाली उतरत नव्हती. तिच्यासमोर चाक पुन्हा खोलायचं म्हणजे आपण विसरतो, असं आपल्याच हाताने लिहून देणं. फिटर सायकलवर बसले आणि निघाले. आपलं हाड मोडलं तर मोडलं, असं ते वाटभर स्वतःला बजावत होते.

शाळेच्या फाटकात भिंगरी धावत आली, मागे चढली, विळखा घातला. "चला!"

फिटरांचा पाय पेडलवरून हलेना. खिशातला वॉशर मांडीला टोचत होता. पुढे उतार होता, उताराखाली चौक होता, चौकात ट्रक होते.

"उतर गं."

"का? पंक्चर झालं?"

हो म्हणायला काय जात होतं? सायकलच ती, केव्हाही पंक्चर होते. "नाही," ते म्हणाले. "आजोबांना एक गोष्ट आठवत नाहीये."

"मग मला विचारा ना," भिंगरी म्हणाली.

फिटरांना हसूही आलं आणि रडूही. दोघं सायकल ढकलत चालत घरी आली.

सून दारातच उभी होती. फिटरांनी वॉशर तिच्या हातावर ठेवला. "हा उरला. कुठला ते कळत नाही. तू विचारलंस तेव्हा खिशात घातला मी. खोटं बोललो."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने पोरीला जवळ ओढलं, आत जाऊन नवऱ्याला फोन केला आणि फिटरांसाठी पाणी घेऊन आली.

मुलगा कामावरून लवकर आला. कपडेही न बदलता त्याने पाना घेतला. फिटर पायरीवर बसून बघत होते. एक टोपी निघाली, नट निघाला. मग दुसरी. मुलगा खाली वाकला आणि एकदम मोठ्याने हसला.

"बाबा, दोन्ही आहेत की! दोन्ही वॉशर जागच्या जागी. एक नंबर काम!"

"मग हा?"

"हा जास्तीचा! गेल्या महिन्यात आपण दोघं दुकानात गेलो होतो, तेव्हा तुम्हीच हट्ट करून घेतलात. असू दे अडीनडीला, म्हणालात. फडक्याच्या दुमडीत तुम्हीच तर ठेवलात माझ्यासमोर. उगाच स्वतःला घाबरवून घेता तुम्ही!"

फिटरांनी आठवून पाहिलं. दुकान, दुकानदार, मुलगा शेजारी उभा, हातात नवा वॉशर. काहीच नव्हतं. पुसट झालेलंसुद्धा नव्हतं.

मुलगा हसतच होता. सून हसत नव्हती.

"चाक बरोबर होतं," फिटर म्हणाले.

"अहो तेच तर म्हणतोय मी!"

"आणि मला ते माहीत नव्हतं."

मुलाचं हसू थांबलं. फिटर उठले, खिशातून सायकलची किल्ली काढली आणि मघाशी वॉशर ठेवला होता त्याच हातावर ठेवली. सुनेने मूठ मिटली. तिचे डोळे भरून आले होते.

"उद्या आपण दोघं चालत जाऊ या तिला आणायला," ती म्हणाली. "चालेल ना बाबा?"

सुनेला आता शाळेतून एकट्या भिंगरीलाच नाही, दोघांना घरी आणायचं होतं, हे फिटरांना कळलं. "चालेल," ते म्हणाले, आणि फडक्याची घडी घालायला खाली बसले.