तिसऱ्या दिवशी भरलेली बाटली

बाईंनी यादीवर चौदावी लाल रेघ ओढली आणि पेनाला टोपण लावायचं विसरून तशाच बसून राहिल्या. दोन महिन्यांनी त्या निवृत्त होणार होत्या आणि निरोपाच्या पुस्तिकेत छापायला संस्थेला त्यांचे सगळे शोधनिबंध क्रमाने लिहून हवे होते. तीस वर्षांतले त्रेसष्ट. त्यातून चौदा गेले की एकोणपन्नास उरतात, हे कळायला रेणुजीवशास्त्र शिकावं लागत नाही. पण गेले ते नेमके बिनीचे शिलेदार. मागे उरली ती बरीचशी खोगीरभरती, हे बाईंइतकं कोणाला ठाऊक असणार?

हल्ली नियतकालिकं निबंध छापायच्या आधी पेशींच्या ओळखीचा दाखला मागतात. चौसष्टाव्या निबंधासाठी बाईंनी तो कंटाळत कंटाळतच मागवला होता. दाखला आला आणि कळलं, की अकरा वर्षं आपण ज्यांना यकृताच्या पेशी म्हणत आलो त्या यकृताच्या नाहीतच, मूत्रपिंडाच्या आहेत. कधीतरी एखाद्या बाटलीत परका थेंब पडला असणार. मूत्रपिंडाच्या त्या पेशी वाढायला भलत्याच चपळ. पाहुण्या म्हणून शिरल्या आणि घरमालकीण होऊन बसल्या. त्यांच्यावर प्रयोग करून यकृताबद्दल जे जे म्हणून छापलं, ते सगळं आता मागे घ्यायला हवं होतं.

फोन वाजला. पट्टशिष्य होता. याच पेशींवरच्या, अकरा वर्षांपूर्वी गाजलेल्या निबंधावर पहिलं नाव त्याचं होतं, शेवटचं बाईंचं. आता तो दुसऱ्या एका संस्थेत विभागप्रमुख होता आणि संचालकपदाच्या मुलाखतीची तयारी करत होता.

"मॅडम, मसुदा पाहिलात?"

"पाहिला."

"मग सही करून टाका ना. आज संध्याकाळपर्यंत जायला हवं. आपण होऊन मागे घेतोय म्हटल्यावर कोणी नावं ठेवणार नाही."

"हे दुसरं वाक्य." बाईंनी कागद जवळ ओढला. "'तांत्रिक सहायकाच्या हातून साठवणीत झालेल्या चुकीमुळे.' हे कशावरून?"

"मग कोणाच्या हातून, मॅडम? टाकीत हात घालणारा माणूस एकच होता. आणि नाव कुठे घातलंय मी? सकाळीच काकांना फोन करून सांगितलं, तुमचं नाव येणार नाही म्हणून."

"काय म्हणाले ते?"

"काय म्हणणार? बरं म्हणाले."

काका म्हणजे बाईंच्या प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ. द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत पेशी गोठवून ठेवायच्या आणि लागतील तेव्हा काढून वाढवायच्या, हे त्यांचं एकोणीस वर्षांचं काम. म्हणून मुलं त्यांना गोठणकाका म्हणत. निवृत्त तेही होणार होते, पण घरी बसून त्यांचं भागणार नव्हतं. मूल होत नसलेल्या जोडप्यांच्या एका दवाखान्यात नमुने गोठवून सांभाळायची नोकरी त्यांनी ठरवून ठेवली होती. साठवणीत अदलाबदल करणारा माणूस असं छापून आल्यावर तिथे त्यांना दारात तरी कोण उभं करणार होतं? आणि नाव नाही घातलं म्हणून काय झालं, या धंद्यात सगळे सगळ्यांना ओळखून असतात.

"बघते," म्हणून बाईंनी फोन ठेवला.

खरं सांगायचं तर सही करून मोकळं व्हावं, असंच त्यांच्या मनात होतं. भांडायचं त्राण उरलं नव्हतं. सकाळी नवराही म्हणाला होता, "कर की सही, आणि आठवडाभर झोप काढ. काय शेंडी तुटो की पारंबी तुटो करत बसली आहेस!" काकांच्या हातून झालं नसेलच असं तरी कुठे होतं? माणूस आहे, एखाद्या दिवशी चुकतो. अशी मनाची समजूत घालता घालता बाईंनी पेन उचललंसुद्धा. मग त्यांच्या लक्षात आलं, की मसुद्यात चूक कधी झाली तेच लिहिलेलं नाही. खोटं असलं तरी अर्धवट नसावं, ही त्यांची जुनी खोड. त्या उठून काकांच्या नोंदवह्यांच्या कपाटाशी गेल्या.

काका सगळं लिहून ठेवत. कोणती बाटली कधी काढली, खाद्य कधी बदललं, किती दिवसांत पेशींनी बाटलीचा तळ भरला. या वह्या उघडून बघायची वेळ बाईंवर कधी आली नव्हती. काका सांगत तेवढं पुरे होई. अकरा वर्षांपूर्वीच्या वहीवर धूळ नव्हती. काका अजून कपाट पुसत असणार.

वहीच्या मध्यावर एक नोंद सापडली. 'यकृत. बाटली तिसऱ्या दिवशीच भरली. नेहमी सात लागतात. पेशी आपल्या वाटत नाहीत. मॅडमना दाखवलं.'

त्याखाली हिरव्या शाईत, घाईच्या अक्षरात लिहिलं होतं, 'छान वाढताहेत. चालू द्या.' आणि सही.

सही बाईंचीच होती. त्यांनी खुर्ची ओढली आणि कपाटापाशीच बसल्या. तो दिवस काही केल्या आठवेना, याची त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली. आठवत होती ती नुसती घाई. दुसरी एक प्रयोगशाळा त्याच प्रश्नाच्या मागे लागली होती आणि सात दिवसांचं काम तीन दिवसांत होत असेल तर कोणाला नको होतं? म्हणजे सांगणाऱ्याने सांगितलं होतं, वर लिहूनही ठेवलं होतं. आणि अकरा वर्षांत त्याने एकदाही ते तोंडावर फेकलं नव्हतं. आज सकाळीसुद्धा नाही.

बाईंनी मसुदा उलटा केला आणि कोऱ्या बाजूला लिहायला घेतलं. 'पेशींच्या वाढीच्या वेगाबद्दल आमचे तंत्रज्ञ यांनी त्याच आठवड्यात लेखी शंका नोंदवली होती. ती मी वाचली आणि बाजूला सारली. ही चूक माझी आहे.' तीन वाक्यं झाली, पण पहिल्यात 'तंत्रज्ञ' या शब्दापुढे जागा सोडावी लागली होती. आडनाव माहीत होतं. हजेरीपटावर त्याच्याआधी नुसती आद्याक्षरं असत. त्रेसष्ट निबंधांच्या शेवटी 'तंत्रज्ञांचे आभार' एवढंच छापलेलं होतं.

कागद घेऊन त्या टाकीच्या खोलीत गेल्या. काका जाड हातमोजे घालून गोठवलेल्या नळ्यांचा कप्पा हळूहळू टाकीत सोडत होते. बाईंनी तो आत जाईपर्यंत वाट पाहिली.

"काका, तुमचं पूर्ण नाव काय?"

काकांनी झाकण लावलं. हातमोजे काढून एकावर एक ठेवले.

"नाव घालायचं ठरलं म्हणजे."

"हो."

"घाला. कोणाच्या तरी माथी बसायचंच ते." त्यांनी उगाच टाकीवरून हात फिरवला. "माझ्याच हातून झालं असेल, मॅडम. आता काय सांगता येतंय."

बाईंनी कागद टेबलावर ठेवला. काकांनी सावकाश आपलं नाव सांगितलं, मग आडनाव. बाईंनी टेबलावर वाकून ते सोडलेल्या जागेत लिहिलं.

"एवढंच लिहा," काका म्हणाले. "वडिलांचं नको. ते बिचारे यात कुठे होते?"

बाईंनी कागद फिरवून त्यांच्यापुढे ठेवला. काकांनी खिशातून चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि डोळ्यांवर चढवला. पहिल्यांदा भरभर वाचलं. मग बोट ठेवून पुन्हा वाचलं.

"वही बघितलीत तुम्ही," ते म्हणाले.

"आज बघितली."

"साहेब रागावतील तुमचे."

"रागावू दे. शिष्य माझाच आहे, मी बोलेन त्याच्याशी."

"आणि तुमचं?"

"माझं काय आता? व्हायचं ते झालं."

काकांनी पेनासाठी हात पुढे केला. नाव आणि आडनाव यांच्यामध्ये जेमतेम बोटभर जागा होती. तिथे त्यांनी बारीक अक्षरात वडिलांचं नाव लिहिलं आणि शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून उभे राहिले.