डुकराची झडप, माझी सवत

मित्रांनो, मी हृदयातली एक जुनी झडप आहे. धातूच्या कड्यात हलणारी चकती, एवढाच माझा जीव. रक्ताला पुढे जाऊ द्यायचे, मागे फिरू द्यायचे नाही, हे माझे काम. परदेशातल्या कारखान्यात घडले आणि १९८० साली मुंबईच्या एका इस्पितळात धोंडूच्या छातीत बसले. धोंडू खेडजवळच्या वाडीतला, लोटे गावच्या कारखान्यात पाळीवर जाणारा. माझी टिकटिक ऐकायला सारी वाडी ओटीवर जमायची.

ते सुख फार टिकले नाही. लवकरच धोंडूची धाकटी भावजय राही हिचीही झडप बिघडली. तिला बसवली डुकराची!

आम्हा धातूच्या झडपांवर रक्ताच्या गुठळ्या धरतात. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते, आणि तिचा पोटातल्या बाळाला धोका असतो. ही गोळी टळावी म्हणूनच साठच्या दशकात परदेशातल्या डॉक्टरांनी डुकराची झडप औषधात मुरवून माणसाला लावायला सुरुवात केली. राहीला मूल हवे होते.

ती झडप ना वाजे, ना गोळी मागे. माझा नुसता जळफळाट होई. राहीला मुलगी झाली, चिमा, तेव्हा तर कहर झाला. वाडीतले म्हातारे मानकरी महिपतआबा यांनी ठरवले, की डुकराने आपल्या सुनेला जीव दिला, आता वाडीने रानडुकराची शिकार करायची नाही. अहो, ते डुक्कर परदेशातले, पाळलेले! पण सांगणार कोण? देवळात गाऱ्हाणे घालताना डुकराचेही भले मागितले जाई. माझे नाव कुणाच्या तोंडी नव्हते.

सात-आठ वर्षांनी राहीला विहिरीवरून येताना धाप लागू लागली. झडप झिजली होती. बदलली नाही तर राही वाचणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. खोटे कशाला बोलू, मला आनंद झाला. चिमा आईचा पदर सोडेना, धोंडूचे काळीज धडधडू लागले, तेव्हा मात्र माझी मलाच लाज वाटली.

राही वाचली. मूल झाले होते, आता गोळी चालणार होती, म्हणून या वेळी तिला माझ्यासारखीच धातूची झडप बसली. महिपतआबांनी विचारले, "आता कुठला जनावर, सूनबाय?" धातूची आहे म्हटल्यावर आबा जरा हिरमुसले. पण शिकार मोकळी झाली. शिमगा सरल्यावर डुक्कर मारले गेले आणि मटणाचा वाटा घरी आला. एकदाची पीडा टळली, असे मी मनात म्हटले.

राहीने वाटा परत दिला.

"आबा, माजी चिमा त्याच्यामुलं झाली," ती म्हणाली. "झडप काढली म्हनून काय उपकार फिटले?"

धोंडूनेही त्या मटणाला हात लावला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाच्या छातीत माझी बहीण असेल, तर त्याची गोळी एक दिवसही चुकू देऊ नका. एवढे जपलेत तर आम्ही वर्षानुवर्षे साथ देतो. ती डुकराची थोडकी वर्षेच टिकली. पण चिमा तिच्यामुळे जन्मली, आणि ते मला कधीच जमले नसते.