कप्पी होता होता राहिलेला गोळा

मी वितळलेला नायलॉन बोलतोय, आणि जरा घाईतच बोलतोय. स्वस्थ बसणं माझ्या स्वभावातच नाही. तापल्या नळकांड्यात फार वेळ कोंडलं की मी पिवळा पडतो, करपतो. बाहेर काढलं की बघता बघता गोठतो. मधल्या तेवढ्या वेळातच काय ते बोलून घ्यायचं.

जन्मानं मी पांढरा दाणा. पोत्यात बसून या लहानशा कारखान्यात आलो. इथे एक वहिनी आणि तिचा धाकटा दीर मिळून मशीन चालवतात आणि माझ्या कप्प्या करतात. उंच इमारती रंगवणारे ज्या झुल्यावर उभे राहतात, त्याचे दोर या कप्प्यांवरून फिरतात. वहिनीचा नवरा त्यातलाच एक रंगारी.

मी ना धड पाणी, ना धड रबर. जोरात रेटलं तर पातळ होऊन निमूट वाहतो, नळकांड्याच्या तोंडातून सुटलो की फुगतो, ताणून सोडलं तर थोडा मागे सरतो. हा चिवटपणा माझ्या आतल्या लांबलचक साखळ्यांचा. पण मला पाण्याचं भारी व्यसन! हवेतली ओलसुद्धा सोडत नाही. आणि ओला असताना वितळलो की त्या साखळ्या तुटतात. म्हणून आधी मला गरम पेटीत वाळवतात.

आज दीरानं शर्टावरचा तेलाचा डाग धुतला आणि तो ओला शर्ट माझ्याच पेटीत वाळत घातला. शर्ट वाळला, मी भिजलो.

साच्यात घालण्याआधी वहिनीनं रोजच्यासारखं मला थोडं खाली सोडून पाहिलं. मी फुगलो नाही, जाड दोरासारखा लोंबलोही नाही. चुरचुरत, बुडबुडे काढत नळाच्या पाण्यासारखा पडलो. फार लाज वाटली मला. वहिनीनं दीराच्या अंगावरच्या कडकडीत शर्टाकडे पाहिलं.

"हा कुठे वाळवलास रे?"

"वहिनी, कप्पी दिसायला तर झकास येईल. माल न्यायला गाडी यायची वेळ झालीय."

"दिसायला? तुझा दादा लटकतो तिच्यावर!"

दीराचं तोंड एवढंसं झालं. त्यानं मला सगळा बाहेर काढला. जमिनीवर पडून माझा गोळा झाला. वहिनी नवे दाणे वाळत घालायला गेलीय, आणि हा मला चिमट्यानं उचलून दळायच्या यंत्रापाशी उभा आहे.

"चांगल्या मालात थोडासा मिसळला, तर कुणाला कळतंय?" असं पुटपुटतोय.

मला साच्यात शिरायचं होतं रे, दोराखाली गरगर फिरायचं होतं. आतून अजून धुमसतोय मी. पण माझ्यात आता दम नाही, मी तुटेन. कचऱ्यात टाक मला, लेका. तुझ्या दादाला आपल्या पायांनी घरी येऊ दे.