चिमूटबाबांची पूड

गोदामाबाहेरची रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती. चिमूटबाबा पांढऱ्या पुडीची चिमूट जिभेवर ठेवायचे, घरी न्यायला पुडी बांधून द्यायचे आणि गळवं, ताप, सुजलेल्या दाढा बऱ्या व्हायच्या. "ही पूड नाही, माझं पुण्य आहे. वाटावं तितकं वाढतं," असं ते म्हणत. मी छापखान्यातला माणूस, छापलेलंसुद्धा पडताळून बघतो. पण ताईच्या पायाची जखम त्या चिमटीनं खरंच भरली, तेव्हा मला तोंड उघडायची सोय उरली नाही.

जखम पुन्हा चिघळली. या वेळी पूड लागू पडेना. बाबा माझ्याकडे बघत म्हणाले, "घरात एकाच्या मनात शंका आहे. ती फिटेपर्यंत पोरगी इथून हलणार नाही."

ताईला गोदामाच्या मागच्या खोलीत ठेवून आईनं स्वतः कडी लावली.

"अरे, पाय माझा वाटतच नाही. मला ने इथून," ताई आतून म्हणाली.

"तिला हलवलंस तर तिच्या जिवाला तू जबाबदार," आई म्हणाली. इकडे आड, तिकडे विहीर.

पट्टी बदलायच्या निमित्तानं मी जखमेतला पू आणि एक पुडी प्रयोगशाळेत नेली. दुसऱ्या दिवशी तिथल्या डॉक्टरबाई गोदामात आल्या. त्यांच्याकडे दोन काचनळ्या होत्या. दोन्हींत बाबांची पूड, पिष्ट आणि आयोडीन होतं. रंग गडद निळा. एकीत त्यांनी ताईच्या जखमेतले जंतू सोडून बूच बसवलं. हळूहळू त्या नळीतला निळा रंग विरला, दुसरीतला तसाच राहिला.

"बघा, माझ्या पुडीची लीला," बाबा म्हणाले.

"लीला जंतूंची आहे. ही पूड म्हणजे कुटलेल्या पेनिसिलिनच्या गोळ्या. तुमच्या अपुऱ्या चिमटीनं लेचेपेचे जंतू मेले, चिवट उरले आणि वाढले. ते एक एन्झाइम बनवतात, ते औषधाचा रेणू फोडतं. फुटलेलं औषध रंग घालवतं, पण जंतू मारत नाही." मग त्या आईकडे वळल्या. "तुमच्या मुलाच्या शंकेला हे जमत नाही, आई."

"विज्ञानाला सगळं कळत नाही," बाबा म्हणाले.

"नाही कळत. हे कळलंय."

 आईनं उठून कडी काढली.

दुसऱ्या औषधानं ताईचा पाय वाचला, दोन बोटं गेली. बाबांना पोलिसांनी नेलं. जंतूंना कोण नेणार? पुड्या घरोघर पोचल्या होत्या. आता गल्लीत साध्या गळवालाही ती गोळी पुरी पडत नाही.

म्हणून सांगतो, गुण आला तरी हात जोडण्याआधी पुडीत काय आहे ते विचारा. औषध डॉक्टर सांगतील तेच आणि तितकंच घ्या. आपल्याकडे औषधं मोजकीच आहेत. ती अशी उधळली, तर उद्या डॉक्टरबाईंच्या कपाटातही काही उरणार नाही.