नळाच्या दिवशीचा मासा

मित्रांनो, माझ्यातून पाहायचे असेल तर जरा जपून पाहा. माझ्या काचेतून सगळे मोठे दिसते, आणि मोठे दिसले की माणसाला वाटते, आपल्याला सारे काही दिसले. मी एक जुनी बरणी आहे. लोणच्याची नव्हे हो! पोट गोल, तोंड पसरट, खास माशासाठी घडवलेली.

कोणत्या भट्टीत मला फुंकून फुगवले ते आठवत नाही. उकाडा तेवढा आठवतो. पेंढ्यात बसून मी पुसदला आले आणि रजतच्या शोभेच्या माशांच्या दुकानात वर्षभर धूळ खात पडले. एके दिवशी किसनसिंग नावाचा ऑटोवाला बायकोला घेऊन आला. त्यांची लेक राखी पाच वर्षांची. बायको बबिता म्हणाली, "मासा घेऊ. लेकराले जीव लावाची सवय लागते." त्यांनी मला घेतले आणि पिशवीभर पाण्यात एक सोनेरी मासळी घेतली. रजतने पाण्याबद्दल काही सांगायला तोंड उघडले, तोवर ऑटो सुरू झाला होता.

राखीने मासळीचे नाव झुमकी ठेवले. राखीने काचेवर बोट टेकवले की झुमकी सुळकन तिथे येई. शेजारपाजारची पोरे मला पाहायला येत. खोटे कशाला बोलू, मी तेव्हा थोडी शेफारलेच होते.

त्या वस्तीत नळ पाचव्या दिवशी येई. आणि बबिता पडली टापटिपीची. नळ आला की घरातले सगळे शिळे पाणी मोरीत. पाण्याचे गुंड, माठ, बादल्या घासून लख्ख, आणि मग ताजे पाणी. पाहुण्याला शिळे पाणी देणे म्हणजे तिच्या लेखी पाप. मग लेकीच्या माशाला तरी ते कसे ठेवणार? तिने झुमकीला वाटीत काढले, मला पालथे करून राखेने घासले, नळाखाली काठोकाठ भरले आणि झुमकीला परत आत सोडले. त्या पाण्याला औषधाचा उग्र वास होता. माणसाला ते चालते. माशाला मात्र शिळेच पाणी हवे, वास उडून गेलेले. मला हे कळत होते. पण बरणीला तोंड असते, जीभ नसते.

दुपारपर्यंत झुमकी आडवी होऊन वर तरंगू लागली. राखी बालवाडीत होती. "तिले सांगू नका. जीव लहान हाये," बबिता म्हणाली. राखीची आजी जमनी बंजाऱ्यांच्या तांड्यावरून आलेली. जिवाला मोरीत टाकायचे तिला पटेना. तिने खुरप्याने अंगणातल्या गोडलिंबाच्या बुडाशी खड्डा केला आणि झुमकीला पुरले. किसनसिंग तसाच रजतकडे गेला आणि अगदी तशीच दुसरी घेऊन आला.

राखी आली. तिने काचेवर बोट टेकवले. मासळी आली नाही. "झुमकी, तू विसरली मले?" राखीने विचारले. घरातली तीन मोठी माणसे तिच्याकडे पाहून हसली.

पुढे हे होतच राहिले आणि गोडलिंबाखालची नवी उकरलेली माती राखीच्या नजरेस पडू लागली. एखादी मासळी दोन नळ काढी, एखादी एकाच नळाला जाई. राखी मग विचारीनाशी झाली. नळाच्या दिवशी ती घरी आली की दप्तर न उतरवताच माझ्या काचेला डोळा लावी. माझ्यातून तो डोळा लिंबाएवढा दिसे. अनोळखी पाहुण्याकडे पाहून हसावे तसे ती आतल्या मासळीकडे पाहून हसे आणि हळूच विचारी, "तू कितवी?"

घरात ते कोणाच्याही कानी गेले नाही. मी ऐकले आणि माझे पाणी थंडगार झाले. तिकडे गोडलिंब मात्र चांगलाच फोफावला होता. त्याची पाने रोज वरणात पडत. राखी ती एकेक वेचून ताटाच्या कडेला ठेवी.

पुढच्या दिवाळीनंतर बबिताचा ताप डोक्यात गेला. तिला यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेले. लेकराला आत सोडत नव्हते. महिन्याने बबिता परत आली तेव्हा केस कापलेले, गाल बसलेले, घशात नळी घातल्याने आवाज घोगरा. राखी माझ्यामागे उभी राहिली आणि माझ्यातून तिच्याकडे पाहत राहिली.

त्यांच्यात आईला याडी म्हणतात. राखी म्हणाली, "ही आपली याडी नाई. दुसरी आनली."

"येडी का तू? तुहीच याडी हाये," किसनसिंग हसत म्हणाला.

"झुमकीच्या टायमाले पन तुमी असंच म्हनता."

किसनसिंगचे हसू जागीच विरले. त्याने मोबाइलवरचा जुना फोटो दाखवला. "हा तर आदीचीचा हाये," राखी म्हणाली.

त्या दिवसापासून ती बबिताच्या हातचे खाईना. रडणे नाही, हट्ट नाही. "बाई, मले पानी द्या," असे ती जन्मदात्या आईला अदबीने म्हणे. बबिता पाणी देई आणि माझ्याआड तोंड लपवून रडे. मरणाच्या दारातून ती ज्या लेकीसाठी परत आली होती, तीच तिला ओळखत नव्हती.

एका सकाळी जमनी भाकरी थापत होती. राखी तिच्याजवळ बसली आणि म्हणाली, "दादी, आदीच्या याडीले कुठं पुरलं?"

बबिताने ते ऐकले. ती उठली. तिने मला आतल्या मासळीसकट उचलले, गोडलिंबाखाली नेऊन ठेवले आणि खुरपे घेतले. अंगात ताकद नव्हती, तरी कोणाला हात लावू दिला नाही. माती निघाली तसे दोऱ्यासारखे बारीक काटे दिसू लागले. एका ढेकळाला सोनेरी खवला चिकटला होता.

"हे पाय, राखी. साऱ्या झुमक्या इथं हायेत. माह्या हातानं मेल्या. ताजं पानी भरून भरून मीच मारल्या. अन् तुले खोटं सांगतलं."

राखीने खड्ड्यात वाकून पाहिले. मग हाताने माती उकरली, पार तळापर्यंत. "तू नाई इथं?"

"नाई वं बेटा. मी मराले टेकलती, पन मेली नाई. मी तीच हाये."

राखीने मुठीतली माती खाली टाकली. "झुमकी मेली वं याडी!" असा हंबरडा फोडून तिने बबिताच्या कुशीत डोके खुपसले. वर्षभर राहिलेले रडणे होते ते. बबिता तिला गप्प कर म्हणाली नाही.

मित्रांनो, लेकरांसाठी मासा आणा, अवश्य आणा. पाणी दोन दिवस उघडे ठेवून शिळे होऊ द्या आणि बदलताना थोडेच बदला. एवढे करूनही तो मेला, तर मात्र दुकानाकडे पळू नका. लेकराला जवळ बसवा, मासा मेला म्हणून सांगा आणि त्याला पोटभर रडू द्या. घरातले एक मरण खरे सांगितले, तरच उरलेली माणसे जिवंत आहेत यावर लेकराचा विश्वास बसतो.