दारावरचा आकडा

“साडेसहा हजार पौंड, एक जास्त नाही,” आजोबांनी ट्रकच्या खिडकीतून सांगितलं.

गोदामाच्या काट्यावर गाडी चढली की आकडा उमटण्याआधी वजन सांगायचं, हा नेब्रास्कातल्या आमच्या गावचा रिवाज. चुकला तो कॉफी पाजतो. माझी आई एकोणीस वर्षं हा काटा सांभाळते, मक्याचे ट्रक तोलते. आणि एमिल आजोबा, म्हणजे तिचेच वडील, गावभर सांगतात, “पोरगी बटणं दाबते.”

आज ते नवंकोरं फिरतं घर ट्रकला जोडून आजीसोबत डोंगरात निघाले होते. आईनेच अडवलं. घराची चाकं काट्याबाहेर ठेवून फक्त ट्रक वर घेतला.

सात हजार एकशे चाळीस.

आईने ट्रकचं दार उघडलं आणि चौकटीवरच्या वजनमर्यादेच्या पट्टीवर बोट ठेवलं. “सात हजारच्या वर चालणार नाही, बाबा.”

“विकणारा म्हणाला, नऊ हजार ओढतो.”

“ओढेल की. पण घराचं नाक ट्रकच्या पाठीवर टेकलंय. ओढणं वेगळं, पेलणं वेगळं. शिवाय तुम्ही दोघं, आणि मागे दुरुस्तीच्या हत्यारांची पेटी.”

आमच्या शाळेत दोन तास घेऊनही हे इतकं नीट कुणी समजावलं नसतं, सांगून ठेवते.

“तुझा काटा चुकतोय.”

मागच्या मक्याच्या ट्रकमधून लाइल हसला. “एकोणीस वर्षं हेच म्हणतोयस, एमिल. कॉफी काढ.”

आजोबांचे कान लाल झाले. “मग पेटी घरात टाकतो, अगदी मागच्या टोकाला. नाक हलकं होईल.”

“आणि उतारावर शेपूट डोलायला लागलं की ते घर तुम्हाला चालवेल.” आईने आवाज चढवला नाही. मी चढवला असता. “माझी आई बसलीय आत. पेटी इथेच राहील.”

चाळीस वर्षं जमवलेली हत्यारं ती. आपल्या गाडीला परक्याचा हात लागू द्यायचा नाही, हा आजोबांचा बाणा.

“ऐक तिचं,” आजी म्हणाली. “रोजचं काम आहे तिचं.”

आजोबा उतरले. पेटीची एक कडी त्यांनी धरली, दुसरी आईने. मी आणि लाइलने खालून आधार दिला. पेटी गोदामाच्या भिंतीशी ठेवून ते परत ट्रकमध्ये चढले.

काट्यावरचा आकडा अजून स्थिरावला नव्हता. आजोबांनी इंजिन बंद केलं, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि आई निघायला हात कधी करते, याची वाट पाहत बसून राहिले.