पाती काय म्हणतात

पात्याची कड अजून बोचत होती. अंगठ्याच्या पेरावरून तिने ती पुन्हा एकदा फिरवली, हळूच, झोपलेल्या माणसाच्या कपाळावर हात ठेवून ताप बघावा तशी, आणि कड पुन्हा बोचली. ग्राइंडरमधली ही पोलादी चकती आठ महिन्यांपूर्वी तिनेच बसवली होती, आणि शेजारच्या कॉफी मशीनच्या छोट्या पडद्यावरचा आकडा म्हणत होता की तेव्हापासून या जुन्या कॉफीच्या दुकानात बावीस हजार चारशे बारा कप झाले. कपाला अठरा ग्रॅम धरले तर चारशे किलो. चारशे किलो बिया दळलेली पाती अशी बोचत नाहीत; त्यांची धार जाते, दळण जाडंभरडं पडायला लागतं. याच रस्त्यावर — नवी फरशी घातलेल्या, लोखंडी जाळीत झाडं लावलेल्या, एका टोकाला अजून क्रेन उभी असलेल्या या रस्त्यावर — दोन वर्षांत मोठ्या कॉफी-चेनवाल्यांच्या तीन शाखा उघडल्या, आणि त्या तिन्हींची पाती ती दर पाच महिन्यांनी बदलते. सकाळी तिकडे, दुपारी इकडे. भांडलेल्या दोन भावांच्या घरी जाणाऱ्या डॉक्टरासारखं… एकाकडचं दुसऱ्याकडे बोलायचं नाही, आणि विचारलं तेवढंच सांगायचं.

दोन उपकरणं दोन गोष्टी सांगायला लागली की आधी स्वतःवर संशय घ्यावा, असं प्रयोगशाळेतल्या बाई म्हणायच्या. तिने घेतला. आकडा पुन्हा वाचला, वहीतली तारीख पाहिली, दुसरी चकती काढून तीही बघितली. कॉलेजात लंबकाच्या प्रयोगात तिने एकदा एक रीडिंग जमवून लिहिलं होतं, उत्तर पुस्तकातल्यासारखं यावं म्हणून, आणि तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. वर्गात तिची पाठ थोपटली गेली तेव्हा कानांच्या पाळ्या कशा गरम झाल्या होत्या ते नऊ वर्षांनंतरही… तेव्हापासून दिसेल ते लिहायचं. पण दिसतंय काय? पाणी गेलंय चारशे किलो कॉफीचं, आणि कॉफी मात्र साठ-सत्तर किलोच दळलेली.

“जरा बाजूला हो गं,” दुकान चालवणाऱ्या ताई म्हणाल्या, आणि तिच्या खांद्यावरून हात घालून त्यांनी मशीनचं बटण दाबलं. कॉफी भरायचा दांडा लावलेला नव्हता, खाली कपही नव्हता. वाफ फुसफुसली, पाणी धारेने जाळीवर पडलं आणि निचऱ्यात गेलं. दुकानात एकच गिऱ्हाईक होतं, लॅपटॉपवाला, ज्याच्या कपातला तळ केव्हाच वाळला होता.

“मशीन गरम राहायला लागतं,” ताई म्हणाल्या.

ते तसंही गरमच असतं, हे त्यांना ठाऊक नसेल? तीस वर्षं झाली या काउंटरमागे. ती चकती पुसत राहिली. पाच मिनिटांनी ताईंनी पुन्हा बटण दाबलं, आणि या वेळी तिने पाण्याकडे न बघता त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ताई छताकडे बघत होत्या.

वरच्या खोलीत त्यांचे वडील. खुब्याचं हाड मोडल्यापासून आठ महिने पलंगावर.

“कळलं ना तुला,” ताई म्हणाल्या. फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. “पहिल्या आठवड्यात त्यांनी विचारलं, आज मशीनचा आवाजच नाही. मी म्हटलं, बाबा, झोप लागली असेल तुम्हाला. मग दाबायला लागले. आता हात आपोआप जातो.”

“दिवसातून किती वेळा?”

“तूच सांग. तुझ्याकडेच आहे ना आकडा.” त्या हसल्या, पण पुरत्या नाही. “ऐक. शुक्रवारी जागामालकाचा माणूस येतोय. भाड्याचा पाच वर्षांचा करार. सही बाबांचीच लागते. ते म्हणतात, सहीच्या आधी ती यंत्रांची डॉक्टरीण आली की वर पाठव, मशीन खोटं बोलत नाही. तर तू आकडा सांग. आहे तोच. खोटं काही बोलायला नको तुला.”

“आणि तुम्हाला हवाय करार?”

क्रेनचा आवाज थांबला होता. ताईंनी लॅपटॉपवाल्याकडे बघून घेतलं.

“चेनवाल्यांनी विचारलं होतं मला. नव्या पोरांना शिकवायचं, बसून. खुर्ची देतात म्हणे.” खुर्ची हा शब्द त्यांनी असा उच्चारला की जणू कुणाच्या तरी दागिन्याबद्दल बोलताहेत. “पण दुकान गेलं तर बाबा चार दिवस काढायचे नाहीत. जा, वर जा. चहा देतो म्हणतील, नको म्हण. उठायचा प्रयत्न करतात.”

जिना अरुंद होता, आणि चढताना ती मनात वाक्य लावत होती… बावीस हजार चारशे बारा. हे रीडिंग आहे. मी काही जमवलेलं नाही. यंत्रात दिसतं ते सांगायचं, त्या पाण्यात कॉफी होती की नव्हती हे मला कुणी विचारलेलं नाही.

“या डॉक्टरीणबाई,” काका पलंगावरून म्हणाले. “पेशंट काय म्हणतोय?”

“बरा आहे काका.”

“किती झाले?”

तिने आकडा सांगितला. तो त्यांनी डोळे मिटून ऐकला.

“आणि पाती काय म्हणतात?”

तिला वाटलं होतं, हे ते विचारणार नाहीत. सगळा जिनाभर तिने हे न विचारलं जाणंच गृहीत धरलं होतं.

“अजून… चालतील.”

“चालणारच. दळणाचा आवाज या भिंतीतून थेट माझ्या उशीत येतो. दिवसाला पंधरा. रविवारी वीस.” त्यांनी डोळे उघडले. “बाकी सगळं पाणी.”

रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. ती उभीच होती. बस म्हणायला ते विसरले होते किंवा तिला ऐकू आलं नव्हतं.

“पोर एवढीशी होती, स्टुलावर चढून ग्राइंडर रिकामा फिरवायची. पोलादावर पोलाद घासतं ना. एकदा कानाखाली वाजवली. मग नाही फिरवला कधी.” ते नुसत्या डोळ्यांनी हसले. “मला फसवायला बसली, पण रिकामा ग्राइंडर काही फिरवला नाही. तेवढं एक ऐकते माझं.”

“मग तुम्ही सही कशाला करताय?”

“तिला दुसरं काय आहे? दुकान नसलं तर दिवसभर या खोलीत येऊन माझ्या तोंडाकडे बघत बसेल. खाली असते तर बरी असते. पाच वर्षं काय, माझ्याने निघतील तेवढी काढीन.” मग, जरा कडकपणे, “तिला बोलू नकोस. लाजेल बिचारी.”

ती खाली उतरायला लागली. मधल्या वळणावर, जिथून वरची खोली दिसत नाही आणि खालचं दुकानही दिसत नाही, तिथे तिचे पाय आपोआप थांबले. वर एक माणूस मुलीसाठी पाच वर्षं लिहून देणार होता, खाली ती मुलगी बापासाठी पाच वर्षं उभी राहणार होती, आणि दोघांना एकमेकांचं जे माहीत नव्हतं ते सगळं या वळणावर, एकट्या तिच्याकडे होतं. भांडलेले दोन भाऊ असते तर गप्प राहणं सोपं होतं. इथे कुणीच भांडलेलं नव्हतं. विचारलं तेवढंच सांगायचं… पण इथे जे विचारायला हवं ते कुणी कुणाला विचारणारच नव्हतं, शुक्रवारी नाही आणि त्यानंतरही नाही. मग मी कोण? हत्यारांची पेटी घेऊन आलेली बाई. मोजायला आलेली. आणि मोजून झालं की निघायचं असतं ना?

ती दोन पायऱ्या उतरली. ताई खाली कठड्याला हात धरून उभ्या होत्या, दुखरी कंबर एका बाजूला कलवून.

“काय म्हणाले?”

आकडा विचारला, मी सांगितला, त्यांनी ऐकून घेतला. हे वाक्य तयार होतं, तोंडाशी आलेलं, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा होता. कधी नव्हे ते तिला त्या खरेपणाचीच लाज वाटली.

“सांगते,” ती म्हणाली, आणि काय सांगणार आहे हे तिचं तिलाच अजून ठाऊक नव्हतं.